वाचक विचारतात : चेतकचं आजोळ कुठलं?

गेल्या अंकात चेतक हेलिकॉप्टरवर दोन पानं लिहिली आणि वाटलं, झालं काम. कसलं काय. खानापूरपासून अथणीपर्यंतची पत्रं आली, व्हॉट्सॲपवर तर रोजचं सुरू आहे, दोन-तीन पत्रं कन्नडमध्येपण आहेत, एकानं वहीच्या पानावर हेलिकॉप्टरचं चित्र काढून शेपटीला बाण करून विचारलंय, हे काय. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, निवडक घेतलेत. आणि आधीच सांगून ठेवतो, मी पायलट नव्हतो. हवाई दलात हेलिकॉप्टरखाली पाना घेऊन उभा राहणाऱ्यातला मी, त्यामुळे वर गेल्यावर कसं वाटतं ते विचारू नका, खाली आल्यावर ग्रीस कुठं कुठं लागतं ते विचारा.

"मी नववीत आहे. आमच्या शेतावरून गोव्याच्या बाजूला एक छोटं हेलिकॉप्टर गेलं. पप्पा म्हणाले, चेतक आहे, राणा प्रतापच्या घोड्याचं नाव, म्हणजे आपलंच. आमचे सर म्हणतात ते फ्रान्सचं. नक्की कुणाचं?" – एक विद्यार्थिनी, खानापूर तालुका

दोघंही बरोबर, घरात भांडू नका. नाव आपलं, बांधणी बंगळूरच्या एचएएल ह्या सरकारी विमान कारखान्याची, जात फ्रेंच. तिकडे त्याचं नाव अलुएट-३. आणि गोव्याच्या दिशेनं चाललं होतं म्हणजे दाबोळीचं नौदलाचं असू शकतं, नौदलानं चेतक पिढ्यान्पिढ्या वापरलंय.

अलुएट म्हणजे फ्रेंचमध्ये चंडोल. तू शेतातली आहेस म्हणजे चंडोल बघितलेला असणारच, जोंधळा काढून झाला की मोकळ्या रानात ढेकळाच्या रंगाचा तो एवढासा पक्षी असतो, पायाजवळून उठतो तो तिरका न जाता सरळ वर, गात गात, आणि एका जागी पंख फडफडवत थांबतो. नाव ज्यानं ठेवलं त्यानं पक्षी नीट बघितला होता.

आता आजोळ. फ्रान्सच्या सुद-एस्त नावाच्या सरकारी विमान कंपनीत शार्ल मार्केटी नावाचा इंजिनिअर होता, त्याच्या टीमनं पहिलं अलुएट ३१ जुलै १९५१ ला उडवलं. ते मुख्यतः शेतीच्या कामासाठी म्हणून काढलेलं, फवारणी वगैरे. त्यात आपल्या गाड्यांसारखं पिस्टनचं इंजिन होतं, २०० हॉर्सपॉवरचं साल्मसन. २ जुलै १९५३ ला त्या हेलिकॉप्टरनं न उतरता गोल गोल फिरून १,२५२ किलोमीटर कापले, जवळजवळ १४ तास हवेत, जागतिक विक्रम झाला, पेपरात आलं. पण विक्रम केला म्हणून गिऱ्हाईक येत नाही ना. ते यंत्र फार किचकट होतं, रोजच्या वापराला झेपणारं नव्हतं. दोनच बनवली आणि थांबले.

इथं त्या टीमनं जे केलं ते मला फार आवडतं. ते इंजिन काढून टाकलं, किचकट भाग काढून टाकले, अंगावरचं झाकणसुद्धा काढलं. मागची शेपटी म्हणजे नुसती नळ्यांची वेल्ड केलेली उघडी जाळी, कारखान्याला ऊस नेणाऱ्या ट्रॉलीचा सांगाडा असतो ना, तशी. पुढं काचेचा गोल फुगा, त्यात पाच माणसं. मध्ये डोक्यावर टर्बाइन, म्हणजे जळत्या वायूच्या जोरावर गरगर फिरणारं इंजिन, तेही उघडंच. हे अलुएट-२. १२ मार्च १९५५ ला ज्याँ बुले नावाच्या टेस्ट पायलटनं ते पहिल्यांदा उडवलं, आणि तीन महिनेसुद्धा झाले नव्हते तर ६ जूनला तोच बुले तेच यंत्र घेऊन ८,२०९ मीटरवर जाऊन आला. एव्हरेस्ट ८,८४९ मीटर. शेतीच्या फवारणीसाठी सुरू झालेलं प्रकरण चार वर्षांत तिथवर पोचलं.

आपलं चेतक म्हणजे ह्याचंच मोठं भावंड, २८ फेब्रुवारी १९५९ ला उडालेलं. ह्याला अंगभर पत्रा, सात जणांची जागा, आणि जोरदार इंजिन. जून १९६० मध्ये सात माणसं घेऊन ते मों ब्लांच्या माथ्यावर उतरलं आणि परत उडालं, युरोपातलं ४,८०० मीटरच्या वरचं शिखर. नोव्हेंबरात आपल्या हिमालयात ६,००४ मीटरवर दोन जण आणि २५० किलो वजन घेऊन उतरून दाखवलं. १९६२ मध्ये एचएएलशी करार झाला, त्यात ह्या हिमालयातल्या उतरण्याचा वाटा मोठा असणार असं माझं मत. भारतात जोडलेलं पहिलं चेतक ११ जून १९६५ ला उडालं. आता सांग पप्पांना आणि सरांना.

"आमचं कास्टिंगचं छोटं युनिट आहे. तुम्ही लिहिलंत टर्बाइनमुळे सगळं बदललं. इंजिन ते इंजिन, त्यात एवढं काय ओ? आणि ८७० हॉर्सपॉवरचं इंजिन ५७० वर बांधून ठेवतात असं म्हणालात, मग ८७० चं घ्यायचंच कशाला? पैसे जास्त झालेत काय?" – एक वाचक, उद्यमबाग, बेळगाव

तुमचा प्रश्न वाचून मला आपल्या उद्यमबागेतली चहाची टपरी आठवली, तिथं असेच प्रश्न येतात आणि तेच खरे प्रश्न असतात.

पहिलं पिस्टनचं. पिस्टन इंजिन गरम होतं, विमानात समोरून वारा येतो तो थंड करतो. हेलिकॉप्टर एका जागी तरंगायला लागलं की वारा कुठला? मग पंखा लावा, पंखा इंजिनचीच ताकद खाणार. वजन जास्त, हादरे जास्त, आणि हादरे म्हणजे तुम्हाला सांगायला नको, कुठला ना कुठला ब्रॅकेट आठवड्याला तडकणार. टर्बाइनला वर-खाली जाणारं काहीच नाही, सगळं एकाच दिशेनं फिरतं. हलकं, लहान, आणि रॉकेलसारखं इंधन चालतं. टर्बोमेका कंपनीच्या जोसेफ शिडलोव्स्कीनं अलुएटचं हे आर्टूस्ट नावाचं टर्बाइन बनवलं, गंमत म्हणजे मुळात ते विमानाला जमिनीवर उभं असताना वीज-हवा पुरवणारं जोडइंजिन म्हणून डोक्यात होतं. तेच पुढं हेलिकॉप्टर उचलायला लागलं.

ते फिरतं मिनिटाला ३३,५०० फेऱ्या. वरचा पंखा, म्हणजे रोटर, फिरतो साडेतीनशेच्या आसपास. मधला हिशोब गिअरबॉक्सनं घालायचा. तुम्ही गिअर कास्ट केला असेल तर कळेल की ह्या यंत्राचा जीव इंजिनात नसून गिअरबॉक्समध्ये आहे.

आता ८७० आणि ५७०. शेतात विहिरीवर काम तीन एचपीचं असतं आणि शहाणा शेतकरी पाचची मोटर बसवतो. का? उन्हाळ्यात व्होल्टेज पडतं. तीनची मोटर तेव्हा नुसती घुंई घुंई करत बसते, पाचची पडलेल्या व्होल्टेजवरपण पाणी चढवते. उंचावर हवा विरळ होते, ते इंजिनाचं व्होल्टेज पडणं समजा. जमिनीवर ८७० देणारं इंजिन गिअरबॉक्सला झेपेल म्हणून ५७० वर बांधून ठेवलं, वर गेल्यावर ते ८७० चं घसरत घसरत येतं पण बराच वेळ ५७० पुरवत राहतं. ५७० चंच घेतलं असतं तर डोंगराच्या पायथ्याशीच दम लागला असता. त्या काळातली बाकीची छोटी हेलिकॉप्टरं समुद्रसपाटीला रुबाबात उडायची आणि डोंगरात गेली की एका माणसाला खाली उतरवून मग उडायची, अलुएटनं तिथंच बाजी मारली.

तोटा? पितं फार. त्याचा वेग कायम तोच, काम असो नसो, त्यामुळे नुसतं तरंगतानासुद्धा इंधन जातच राहतं. म्हणून पुढं अलुएट-२ ला अस्ताझू नावाचं कमी पिणारं इंजिन बसवून काढलं. आपल्या चेतकला आर्टूस्टच राहिलं.

चेतक सुरू होताना ऐकलंय का तुम्ही? आधी नुसती शिट्टी. बारीक, मग चढत चढत कानात घुसणारी, आणि डोक्यावरचे तीन ब्लेड जागच्या जागी स्थिर. नवीन माणसाला वाटतं बिघडलंय. मग पायलट इंधनाचा दांडा पुढं सारतो, आतला क्लच हळूहळू धरतो, आणि ब्लेड सुस्त बैलासारखे निघतात, एक फेरी, दोन फेऱ्या, मग दिसेनासे होतात. तीन ब्लेडच्या मधून केबल बांधलेल्या असतात, एकमेकांतलं अंतर सारखं राहावं म्हणून. आमचं काम होतं तीनही ब्लेड एकाच पातळीतून फिरतात का बघायचं. त्याची जुनी पद्धत भन्नाट होती, प्रत्येक ब्लेडच्या टोकाला वेगळ्या रंगाचा खडू लावायचा, एका काठीला पांढरं कापड ताणून बांधायचं, आणि फिरत्या ब्लेडच्या टोकाजवळ ती काठी हळूच, अगदी हळूच न्यायची. टक् असा आवाज येतो, कापडावर तीन रंगांचे ठिपके उमटतात. एकावर एक आले तर छान, वर-खाली आले तर परत बंद करा, पाना घ्या. काठी धरणाऱ्याचे पाय पहिल्या वेळी लटपटतात, माझे दुसऱ्या वेळीपण लटपटले होते.

आणखी एक कबुली देऊन टाकतो. एकदा काम संपल्यावर हत्यारं मोजली तर एक स्क्रूड्रायव्हर कमी. हत्यार कमी म्हणजे हेलिकॉप्टर उडणार नाही, हा नियम, आत कुठं राहिला असेल तर कंट्रोलच्या दांड्यात अडकून माणसं मरतात. अर्धा दिवस आम्ही पाच जणांनी अख्खं यंत्र उघडलं. स्क्रूड्रायव्हर माझ्याच ओव्हरऑलच्या मांडीच्या खिशात होता. कुठल्या युनिटात ते सांगणार नाही, तिथले लोक अजून हसत असतील.

"मागच्या अंकात तुम्ही लिहिलंत 'अलुएट-२ हे जगातलं पहिलं टर्बाइन हेलिकॉप्टर'. साफ चूक. अमेरिकेत कामन कंपनीनं १९५१ मध्येच टर्बाइनवर हेलिकॉप्टर उडवलं होतं. जरा अभ्यास करून लिहीत जा." – एक निवृत्त प्राध्यापक, निपाणी

मान्य, सर. कान पकडले. डिसेंबर १९५१ मध्ये कामनचं के-२२५ टर्बाइनवर उडालं होतं. मी 'कारखान्यात रांगेनं बनवलेलं' हे शब्द गाळले, ते असते तर वाक्य बरोबर होतं. प्रयोग म्हणून एखादं उडवणं आणि गिऱ्हाईकाला शेकड्यांनी विकणं ह्यात फरक आहे, अलुएट-२ तेराशेच्या आसपास बनली आणि १९७५ पर्यंत बनत होती. पण चूक ती चूकच.

तुमच्या पत्रात पुढं विचारलंय, मग छोटं कामाचं हेलिकॉप्टर म्हणून पहिला मान कुणाला? तो मी बेल-४७ ला देईन. आर्थर यंग नावाचा माणूस पेन्सिल्व्हेनियात शेतावरच्या गोठ्यात बसून डझनभर वर्षं हेलिकॉप्टरची मॉडेलं फिरवत होता, पडली की परत बांधत होता. रोटरखाली दोन टोकांना वजन असलेला एक आडवा दांडा बसवला की डोलणं थांबतं हे त्याला त्या मॉडेलांवरनं सापडलं. १९४१ मध्ये तो बेल कंपनीत गेला, आणि ८ मार्च १९४६ ला बेल-४७ ला नागरी वापराचं सर्टिफिकेट मिळालं, हेलिकॉप्टरला असं सर्टिफिकेट मिळायची जगातली पहिलीच वेळ. पुढचा काचेचा फुगा त्याचाच, अलुएट-२ चं तोंड बघितलं की कुणाकडनं घेतलंय ते कळतं. फक्त बेलला पिस्टन होतं, आणि पिस्टनचं रडगाणं वर गायलंय.

"मराठा लाइट इन्फंट्रीत होतो. सियाचीनला पोस्टवर आमचं रेशन आणि टपाल हेलिकॉप्टरनं यायचं. आम्ही चीता म्हणायचो, काहीजण चेतक म्हणायचे. दोन्ही एकच काय? तेवढं छोटं हेलिकॉप्टर वर कसं यायचं आणि मोठं का नाही यायचं?" – एक माजी सैनिक, बेळगाव तालुका

साहेब, आधी नमस्कार. तुमच्या पोस्टवर जे यायचं ते चीताच. चेतक आणि चीता एक नव्हेत, पण एकाच घरातले.

हे असं झालं. १९६८ मध्ये आपल्या सैन्याला असं हेलिकॉप्टर पाहिजे होतं जे हिमालयात, उन्हाळ्यातसुद्धा, जिथं दुसरं कुणी जात नाही तिथं जाईल. फ्रेंचांनी नवीन काही शोधत बसण्यापेक्षा साधी आयडिया केली. अलुएट-२ चा हलका सांगाडा घेतला, ती उघडी जाळीची शेपटी, आणि त्यावर अलुएट-३ चं तगडं इंजिन, गिअरबॉक्स आणि रोटर चढवला. बुलेटचं इंजिन लुनाच्या चेसीसवर असं समजा, फक्त हे चाललं. १७ मार्च १९६९ ला पहिलं उड्डाण, तिकडं नाव लामा. त्याच वर्षी हिमालयात ते ७,५०० मीटरवर उतरून परत उडालं. बंगळूरला एचएएलनं जोडलेलं पहिलं ६ ऑक्टोबर १९७२ ला उडालं आणि आपण त्याचं नाव चीता ठेवलं. बघा, फ्रान्समध्ये नाव पडलं लामा आणि ज्या देशानं मागवलं तिथं चीता.

मोठं का नाही यायचं? वजन. रिकामा चीता हजार किलोच्या जरासा वर, म्हणजे एक लहान कार. मोठं हेलिकॉप्टर जास्त उचलतं खरं पण त्याला आधी स्वतःला उचलावं लागतं, आणि त्या उंचीवर हवा इतकी विरळ की स्वतःला उचलण्यातच संपतं. चीतालासुद्धा वरच्या पोस्टला एखाद-दुसरा जेरीकॅन एवढंच जमायचं, तुम्ही स्वतः बघितलंय. तुमच्या पत्रात तुम्ही लिहिलंय की पायलट इंजिन बंद करायचा नाही, आणि तुम्ही लोक वाकून पळत जाऊन एक डबा काढून घ्यायचात, अर्ध्या मिनिटात ते परत जायचं. बरोबर. त्या थंडीत त्या उंचीवर बंद केलेलं इंजिन परत सुरू होईल ह्याची खात्री नसायची, आणि बंद पडलं तर ते न्यायला दुसरं काय येणार?

आणि चेतकला अगदीच बाजूला सारू नका. १९८४ च्या एप्रिलात सियाचीन ताब्यात घ्यायची मेघदूत मोहीम सुरू व्हायच्या आधी, १९७८ च्या ऑक्टोबरात, त्या हिमनदीवर हवाई दलाचं पहिलं हेलिकॉप्टर उतरलं ते चेतक होतं.

"मी डॉक्टर आहे. हेलिकॉप्टरचा रुग्णवाहिका म्हणून वापर कधीपासून? आमच्या भागात २०१९ च्या पुरात लोकांना उचललेलं आम्ही बघितलं." – एक वाचक, चिकोडी

कोरियन युद्धात, १९५० नंतर, बेल-४७ नं जखमींना मोठ्या प्रमाणावर न्यायला सुरुवात झाली. स्ट्रेचर बाहेर, हेलिकॉप्टरच्या दोन्ही बाजूंच्या पायांवर बांधलेली, आत जागाच नव्हती. अलुएट-२ ला पण स्ट्रेचर बाहेरच. अलुएट-३ मध्ये पेशंट आत आला आणि शेजारी तुमच्यासारखा कुणीतरी बसू शकला. डॉक्टरांना ह्यातला फरक मी सांगायची गरज नाही.

पण डोंगरातल्या सुटकेची गोष्ट जरा कडू आहे, ती सांगतोच. १९५६ च्या डिसेंबरात मों ब्लांवर दोन तरुण अडकले, एक फ्रेंच, एक बेल्जियन. बर्फाचं वादळ, दिवसांमागून दिवस चालले, खालच्या गावातून लोक दुर्बिणीनं त्यांना बघतायत. ३१ डिसेंबरला सैन्याचं मोठं सिकोर्स्की एस-५८ त्यांच्याजवळ उतरायला गेलं आणि कोसळलं. आता वर अडकलेले वाढले, पायलट आणि वाचवायला गेलेलेपण. शेवटी ३ जानेवारी १९५७ ला छोटी अलुएट-२ वर गेली, आणि तिनं पायलटांना आणि सुटकेसाठी गेलेल्यांना खाली आणलं. ते दोघं तरुण तोवर हलवण्याच्या पलीकडे गेलेत असं ठरवून त्यांना पडलेल्या एस-५८ च्या केबिनमध्येच सोडून दिलं. तिथंच गेले. फ्रान्समध्ये ह्यावर फार गदारोळ झाला आणि त्यानंतर डोंगरातल्या सुटकेची तिथली सगळी व्यवस्था बदलली. मोठं यंत्र पडलं आणि लहान पोचलं, फक्त दिवस हुकले.

पुराचं म्हणाल तर तिथं उतरायला जागाच नसते, म्हणून दोर. चेतकच्या बाजूला जी विंच असते ती १७५ किलो उचलते, म्हणजे वाचवणारा आणि वाचणारा दोघं एकदम. पत्र्याच्या घरावर हेलिकॉप्टर खाली येत नाही म्हणून लोक चिडतात, पण खाली आलं तर त्याच्या वाऱ्यानं पत्रे उडून माणसालाच कापतील.

"ह्यांच्या मित्रानं आम्हाला तीर्थयात्रेला हेलिकॉप्टरनं न्यायचं ठरवलंय. मला एकच विचारायचंय, इंजिन बंद पडलं तर?" – एक वाचक, शहापूर, बेळगाव

ताई, दगडासारखं पडत नाही. महोगनीचं बी झाडावरनं सुटलं की गिरक्या घेत सावकाश येतं, बघितलंय ना? तसंच. इंजिन गेलं की पायलट ब्लेडचा कोन लगेच कमी करतो, खालून येणारा वाराच रोटर फिरवत ठेवतो, आणि जमिनीजवळ आल्यावर त्याच फिरण्याच्या जोरावर हेलिकॉप्टर सावरून टेकवतात. सगळे पायलट हे शिकतात.

ह्याचा सगळ्यात मोठा किस्सा त्याच ज्याँ बुलेचा. २१ जून १९७२ ला तो लामा घेऊन, अंगावरचं नको ते सगळं काढून टाकून, १२,४४२ मीटरवर गेला. प्रवासी जेट उडतात त्या उंचीला. तिथं खाली यायला म्हणून पॉवर कमी केली आणि इंजिनच विझलं. त्या थंडीत परत पेटेना. मग तो बारा किलोमीटर नुसत्या गिरकीवर खाली आला आणि धड उतरला. उंचीचा विक्रम झालाच, बंद इंजिनवर एवढं उतरण्याचापण झाला. तुम्हाला एवढं वर नेणार नाहीत, निवांत जा. हवा खराब आहे म्हणून उड्डाण रद्द केलं तर मात्र त्यांच्याशी भांडू नका.

"डिप्लोमा मेकॅनिकल करतोय. हेलिकॉप्टरमध्ये काम मिळेल काय? चेतक तर आता जुनं झालं म्हणतात." – एक विद्यार्थी, हुक्केरी तालुका

जुनं झालंच आहे, साठ वर्षांच्या वर झाली, माझ्या गुडघ्यांसारखंच. त्याच्या जागी एचएएलचं लाइट युटिलिटी हेलिकॉप्टर यायचंय, ते ६ सप्टेंबर २०१६ ला बंगळूरला पहिल्यांदा उडालं, आणि तुमकूर जिल्ह्यात गुब्बी तालुक्यात त्यासाठीचा कारखाना फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू केलाय. म्हणजे काम तुझ्या राज्यातच आहे. हवाई दलात जायचं असेल तर एअरमनचं ट्रेनिंग आपल्या सांबऱ्यालाच आहे, आणि विमानाचे पार्ट तर तुझ्या तालुक्यात हत्तरगीलाच बनतात, घरातनं डबा घेऊन जाशील. एक सल्ला, ड्रॉइंग वाचायला आणि टॉर्क रेंचला हात लावायला आत्ताच शिक. आणि खिसे रिकामे ठेवायला.

"इलेक्शनला आमच्या शाळेच्या ग्राउंडवर नेत्यांचं हेलिकॉप्टर उतरतं. पोरं आवरत नाहीत. किती लांब उभं करायचं?" – एक मुख्याध्यापिका, चंदगड रस्ता, बेळगाव तालुका

बाई, तुमचं दुःख मला ठाऊक आहे. मी लहान असताना आमच्या ग्राउंडवर असंच एक उतरलं, अर्धी पोरं 'आलं आलं' आणि अर्धी 'बंतु बंतु' करत धावत सुटली, आणि कार्यकर्त्यांसाठी उघड्यावर ठेवलेल्या परातभर पोह्यांवर अख्ख्या ग्राउंडची लाल माती बसली. तरी कार्यकर्त्यांनी खाल्लेच.

पोलीस दोर लावतात त्याच्याही मागं पोरांना ठेवा. वाळू-खडी असेल तर डोळे मिटून पाठ फिरवायला सांगा. पंखा पूर्ण थांबेपर्यंत कुणी हलायचं नाही, थांबत आलेला पंखा फिरणाऱ्यापेक्षा वाईट, वेग कमी झाला की त्याची टोकं खाली झुकतात. आणि शेपटीकडं तर कधीच नाही, शेपटीचा छोटा पंखा फिरताना डोळ्याला दिसतच नाही. ग्राउंड उताराचं असेल तर चढाच्या बाजूनं कुणी जवळ जायचं नाही, त्या बाजूला पंखा डोक्याच्या पातळीला येतो. हारतुरे, रुमाल, टोप्या, पताका सगळं हातात घट्ट धरा किंवा आधीच काढून ठेवा, वर उडालेलं कापड रोटरमध्ये गेलं तर नेत्यांना एसटीनं जावं लागेल.

आणि पोह्यांवर झाकण.